माळ्यावरची मुखपृष्ठं : प्रकल्प नोंदी

५ जुलै, शनिवार

काकूची ठाण्यातली, नौपाड्याची बिल्डिंग अखेर रीडेव्हलपमेंटला गेली. सप्टेंबरच्या आत घर रिकामं करून द्यायचंय, म्हणून आज माळा उतरवला. एक परात, दोन आकाशकंदिलांचे सांगाडे, चुलतभावाच्या सायकलचं चाक आणि सुतळीने बांधलेले सात गठ्ठे. गठ्ठे म्हणजे काकांची लायब्ररी. साठच्या दशकात सुरू झालेली, घरोघर केबल आली तशी मिटत गेलेली. काका सायकलवरून नौपाडा, पाचपाखाडी, गावदेवी असे फिरायचे; मासिक द्यायचं, आठ दिवसांनी बदलायचं. दिवाळीत वेगळी योजना असायची. एकदाच पैसे भरा आणि होळीपर्यंत सगळे दिवाळी अंक वाचा.

काकू म्हणाली, "उद्या रद्दीवाला येतोय. तुला हवं तर आजच ने." दोन रिक्षा करून कोलशेतला आणले. घरात डांबरगोळ्यांचा वास सुटलाय आणि नवरा गप्प आहे.

ठरवलं ते असं: मुखपृष्ठं स्कॅन करायची, डाग-चिरा कॉम्प्युटरवर साफ करायच्या, मोठ्ठे प्रिंट काढायचे आणि दिवाळीच्या आधी सोसायटीच्या हॉलमध्ये लावायचे. तीन महिने हातात आहेत. रोज दोन तास दिले तर सहज होईल, असं आत्ता तरी वाटतंय.

८ जुलै

मोजणी झाली. एकूण २१४ अंक. पैकी मुखपृष्ठ जागेवर असलेले ९७, सुटं झालेलं पण सापडलेलं १९, बाकीचे बोडके. 'दीपावली', 'रत्नप्रभा', 'मोहिनी', 'हंस', 'आवाज', 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'ललित', शिवाय 'चांदोबा'ची एक थप्पी, जिच्यासाठी आम्ही भावंडं एके काळी मारामाऱ्या करायचो. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा धरतात. इतकं जुनं अर्थातच काही नाही. काकांकडचा सगळ्यात जुना अंक पन्नाशीच्या दशकातला आहे आणि तो पोटात कसरीने खाल्लाय. मुखपृष्ठाला मात्र तिने तोंड लावलेलं नाही. आर्ट पेपर आवडत नसावा.

१३ जुलै, रविवार

सगळा दिवस पिना काढण्यात गेला. गंजलेली पीन पुढून ओढली की कागदाचा लचका येतो. हे पहिल्याच अंकावर शिकले, तो लचका पाकिटात जपून ठेवलाय. आता अंक उलटा ठेवून, बोथट बटरसुरीने मागचे दोन पाय सरळ करायचे आणि मग पुढून पीन अलगद उचलायची. धूळ काढायला दाढीचा नवा ब्रश आणला. दुकानदाराने विचारलं, "साहेबांना फोम आवडतो की क्रीम?"

काकांनी बांधलेल्या अंकांच्या पाठीशी हिरवट-निळे डाग आहेत. बुरशी समजून घाबरले होते. काकूला फोन केला तर म्हणाली, "बुरशी कसली? मोरचूद आहे तो. खळीत घालायचे हे. किडे लागू नयेत म्हणून." किडे खरंच लागलेले नाहीत, पण मोरचुदाने त्या जागचा कागद पापडासारखा कडक केलाय, वाकवला की तुटतो. सेलोटेपचं वेगळंच. कोणीतरी मायेने चिकटवलेल्या पट्ट्या वाळून गळून पडल्या आणि खाली चहाच्या रंगाचा पट्टा कायमचा राहिला. तो कशानेच जात नाही, मी प्रयत्नही थांबवले.

१९ जुलै

स्कॅनिंग सुरू. पहिला अंक ठेवला, ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला तीनशे ठिपके), बटण दाबलं, आणि पडद्यावर बाईच्या चेहऱ्यावर चाळणीतून बघितल्यासारखी जाळी उमटली. मॉयरे. छापील चित्र मुळातच ठिपक्यांचं. स्कॅनरचे स्वतःचेही चौकोन. दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या की तिसरी, नसलेलीच नक्षी दिसते. पडद्यावर पडदा ठेवला की लाटा दिसतात, तसंच.

सॉफ्टवेअरमध्ये 'डीस्क्रीन' नावाचा पर्याय आहे. तो लावला, जाळी गेली. गाल लोण्यासारखा गुळगुळीत झाला. मग पिवळेपणा काढला, घडीची रेघ भरली, कोपऱ्यातला तेलाचा डाग पुसला. दीड तास लागला, पण अंक कालच छापल्यासारखा दिसायला लागला. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "छान. हे कॅलेंडर कुठल्या बँकेचं?"

मनाला लागलं, पण तेव्हा दुर्लक्ष केलं.

२६ जुलै

आज एका मुखपृष्ठावर तीन तास गेले आणि शेवटी ते होतं तसंच ठेवलं.

दिवाळी अंकाचं नेहमीचंच चित्र. नऊवारीतली तरुणी, हातात निरांजन, ज्योतीचा उजेड खालून हनुवटीवर आणि नाकाच्या शेंड्यावर. डोळे वर, डावीकडे. आणि उजव्या गालावर जांभळ्या शाईत काकांच्या लायब्ररीचा गोल शिक्का. शिक्का पुसायचा तर त्याखालचा गाल मला रंगवावा लागेल. रंगवून बघितला. तो गाल माझा झाला, तिचा राहिला नाही.

काकूला विचारलं, "काकांनी चेहऱ्यावर का गं शिक्का मारला? कोपऱ्यात मारायचा."

"कोपऱ्यात मारला की कोपरा फाडून अंक ढापतात. चेहरा कोण फाडेल?"

हे ऐकल्यावर शिक्का काढायचा विचार सोडला.

मग वाटलं, निदान वरचं मासिकाचं नाव, वर्ष, किंमत एवढं काढू; नुसतं चित्र लावू, चित्र म्हणून. नाव काढलं. आणि चित्र कोसळलंच. बाई वर बघतेय ती कशाकडे? वरचा चौथा हिस्सा नुसता निळा, रिकामा, उगाचच सोडलेला वाटतो. नाव परत आणलं तेव्हा लक्षात आलं की तिची नजर थेट नावाच्या पहिल्या अक्षराकडे जाते, आणि निरांजनाचा धूरही तिकडेच वळतो. चित्रकाराने ती जागा सोडली नव्हती, नावासाठी बांधली होती. स्टॉलवर दोरीला चिमट्याने लटकलेले अंक डोळ्यांपुढे आणा. खालचा भाग पुढच्या अंकाने झाकलेला, वर दिसणार काय, तर नाव आणि चेहरा. म्हणजे चित्राचा जीव वरच्या अर्ध्यात हवा आणि तरी नावाला धक्का लागता कामा नये. भिंतीवर टांगायच्या चित्राला ही अडचण कधी पडत नाही.

२ ऑगस्ट

प्रिंटची चाचणी. स्टेशनजवळच्या एका दुकानात तीन फायली दिल्या, दोन फूट बाय तीन फूट. संध्याकाळी आणायला गेले तर तिन्ही बायका गोऱ्यापान. दुकानातल्या मुलाने सांगितलं, मशीन स्वतःच चेहरे ओळखून 'सुधारतं'. एका गवळणीचं गव्हाळ रूप पार धुऊन टाकलं होतं. पैसे परत मागितले तर म्हणाला, "मॅडम, पण छान दिसतायत ना?" अर्धे परत मिळाले.

घरी येऊन तिन्ही प्रिंट सोफ्यावर उभे केले, शेजारी मूळ अंक ठेवले. खरं सांगायचं तर दोष फक्त त्या मशीनचा नव्हता. त्याने जे केलं तेच मी दोन आठवडे हाताने करत होते.

काम थांबवलंय.

१० ऑगस्ट, रविवार

चेंदणी कोळीवाड्यात एक निवृत्त मशिनमन राहतात असं आमच्या दूधवाल्याकडून कळलं होतं. चाळीस वर्षं मुंबईत छापखान्यात काम केलेलं. नुकतीच नारळी पौर्णिमा झाली, गल्लीत अजून पताका होत्या. मी सहा अंक आणि माझे दोन 'साफ' प्रिंट घेऊन गेले.

या मशिनमन काकांनी प्रिंटकडे बघितलंसुद्धा नाही. अंक उचलला, खिडकीपाशी नेला, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ गप्प. मग मला म्हणाले, "या ताई, बघा. ठिपक्याची कड काळी दिसते का?"

दिसली. प्रत्येक ठिपका मध्ये फिकट आणि कडेला गडद, भाकरीच्या कडेसारखा.

"म्हणजे ब्लॉकवर, धातूच्या ठशावर छापलेलं. ब्लॉक कागदावर दाबला की शाई मधून सरकून कडेला जाते. ऑफसेटमध्ये, म्हणजे रबरावरून कागदावर शाई उतरते त्या छपाईत, अशी कड नाही येत, तिथे ठिपका सपाट." दुसरा अंक उचलला, "हा ऑफसेट." बरोबर दहा वर्षांनंतरचा होता.

पुढचे दोन तास मी नुसती लिहून घेत होते. जमेल तेवढं इथे उतरवते.

चित्रकाराचं चित्र छापायच्या आकारापेक्षा मोठं असायचं, साधारण दीडपट. लहान होताना हात घट्ट दिसतो. ते ब्लॉकमेकरकडे जायचं. तिथे मोठ्या कॅमेऱ्यासमोर लावून त्याचे रंग वेगळे करायचे: निळी-जांभळी काच लावली की पिवळ्याची निगेटिव्ह, हिरवी लावली की लालाची, लाल लावली की निळ्याची. मधे जाळीची काच, तिच्यामुळे ठिपके. प्रत्येक रंगाची जाळी वेगळ्या कोनात फिरवायची, साधारण तीस-तीस अंशांनी. नाहीतर ठिपक्यांवर ठिपके पडून माझ्या स्कॅनसारखी जाळी दिसते. पिवळ्याला त्यातल्या त्यात वाईट कोन देतात, कारण पिवळा डोळ्याला कमी दिसतो, त्याने कुरकुर केली तरी कळत नाही. मग ब्लॉक कोरून लाकडावर ठोकायचे. नाजूक जाळी तांब्यावर, नुसत्या रेघा जस्तावर. तीन रंगांच्या ब्लॉकला सगळे 'तिरंगी' म्हणायचे. काळ्याचा चौथा ब्लॉक केला की खर्च वाढायचा, म्हणून कित्येक मासिकं काळ्याशिवायच भागवत.

"आता छपाई. आधी पिवळा. वाळू द्यायचा. मग लाल. वाळू द्यायचा. मग निळा. दिवाळीची कव्हरं कधी छापतात? श्रावण-भाद्रपदात. कारण लेखक लोक मजकूर देतात शेवटी, कव्हर आधी उरकून ठेवायचं. आणि श्रावणात हवा कशी? कागद पाणी पितो. पिवळा छापताना कागद एवढा," दोन तळहात समोर धरले, "आणि तीन दिवसांनी निळा छापायला घेता तेव्हा एवढा." तळहात केसभर लांब गेले. "मग ओठाचा लाल ओठाच्या बाहेर. शेठ ओरडणार कोणावर? मशिनमनवर."

मी माझा प्रिंट पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागदावर बोट फिरवलं. "ठिपके काढलेत होय? मग ठेवलंत काय?"

मी म्हटलं, मूळ चित्र कसं असेल ते दिसावं म्हणून.

"मूळ चित्र ब्लॉकमेकरच्या टेबलावर असायचं हो. माणसं बघायची ते आम्ही छापलेलं. आणि चित्रकाराला हे पक्कं माहीत होतं." मग दीनानाथ दलालांचं एक मुखपृष्ठ काढून रंग जिथे भेटतात तिथली जाड, गडद रेघ दाखवली. साडीचा हिरवा त्या रेघेच्या आत किंचित सरकलाय, पण रेघेखाली लपून गेलाय. भिंगाशिवाय कळत नाही. "रेघ अशी असली की मशिनमन जेवायला जाऊ शकतो." रघुवीर मुळगावकरांचं उलट. तिथे रेघ नाहीच, स्प्रेने केलेली मऊ छटा, गाल कुठे संपला आणि उजेड कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही. "त्यांचं कव्हर आलं की त्या दिवशी कोणी हसायचं नाही. लाल जरा हलला की देवाला ताप आल्यासारखं दिसायचं."

दलाल १९१६चे, मुळगावकर १९१८चे, दोघेही गोव्याचे. दोघांची तुलना करणारे लेख पुष्कळ आहेत. ती छपाईच्या बाजूने करणारा माणूस मला आज भेटला.

निघताना त्यांच्या घरच्या काकूंनी नारळीभाताचा डबा दिला.

११ ऑगस्ट

नवीन ठरवलेलं: साफसफाई बंद. डीस्क्रीन बंद. १२०० डीपीआयवर, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतंत्र दिसेल इतक्या बारकाव्याने स्कॅन करायचं. इतकं बारीक घेतलं की मॉयरेही पडत नाही. फायली अवाढव्य होतायत, दुसरी हार्डडिस्क मागवली. आणि प्रदर्शनात प्रिंट लावायचे नाहीत, अंकच लावायचे.

मोठा प्रिंट फक्त एक काढायचा. निरांजनवालीच्या गालाचा दोन इंच तुकडा, शिक्क्यासकट, तीन फुटांचा करून.

२४ ऑगस्ट

'आवाज'ची पाळी. मधुकर पाटकरांनी १९५१ साली काढलेला हा अंक आमच्या घरात वडीलधाऱ्यांच्या उशीखाली असायचा. कारण आतली खिडकीचित्रं. वरच्या पानाला एक खिडकी कापलेली. तिच्यातून खालच्या पानावरचं नको ते दिसतंय असं वाटतं, पान उलटलं की निघतं भलतंच, निरुपद्रवी काहीतरी. मुखपृष्ठांचा प्रकल्प असला तरी ह्यांना वगळणं जिवावर आलं. एकाच कागदावर दोन चित्रं असतात, आणि चावटपणा दोन्हींतल्या कुठल्याच चित्रात नसतो, बघणाऱ्याच्या डोक्यात असतो.

स्कॅन करायला मात्र छळ. खिडकी बंद ठेवून एक, उघडून एक, शिवाय मधे काळा कागद सरकवून फक्त भोकाच्या आकाराचं एक. एका अंकात कोणीतरी खिडकीला आतून वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवून ती कायमची बंद केलीय. काकूला फोटो पाठवला. "ते कोणत्या मेंबराचं काम आहे मला ठाऊक आहे," असं उत्तर आलं, पण नाव काही सांगेना.

बुधवारी गणपती. दहा दिवस काम नाही.

१४ सप्टेंबर

काकूला भाड्याच्या घरात हलवलं. सामानात काय सोडायचं यावरून दोनदा रडारड, एकदा माझी.

रात्री तिला 'मोहिनी'ची मुखपृष्ठं दाखवली. शि. द. फडणीसांचं, शर्टावर मांजरं असलेला तरुण आणि साडीवर उंदीर असलेली तरुणी, ते चित्र बघून खुदकन हसली. "हे आमचे गणितवाले!" ती ठाण्यात शिक्षिका होती, गणिताच्या पाठ्यपुस्तकांत फडणीसांची चित्रं आली तेव्हा वर्गात पहिल्यांदा पोरं गणिताच्या तासाला हसली, असं तिचं म्हणणं. या चित्रात एकही शब्द नाही. मासिकाच्या नावाखेरीज मुखपृष्ठावर वाचण्यासारखं काही नाही आणि तरी स्टॉलसमोरून जाणारा थांबत असणार, कारण पहिल्या नजरेत एक मुलगा-मुलगी दिसतात आणि दुसऱ्या नजरेत मांजर-उंदीर. त्या दोन नजरांमधला सेकंद म्हणजे मासिकवाल्याचा गल्ला. वसंत सरवट्यांची 'ललित'ची मुखपृष्ठं याच्या शेजारी ठेवली. ती हळू उलगडतात, त्यात साहित्यातल्या मंडळींच्या खोड्या आहेत, ठाऊक असलेल्यालाच हसू येतं. फडणीसांचं मुखपृष्ठ अनोळखी माणसाला हाक मारतं आणि सरवट्यांचं वर्गणीदाराशी गप्पा मारतं, असं मी कार्डावर लिहिलं, मग खोडलं. फार हुशार वाटायला लागलं होतं.

२१ सप्टेंबर

सोसायटीच्या कमिटीची मीटिंग. हॉल मिळाला, ११ आणि १२ ऑक्टोबर. एका सदस्यांनी सुचवलं, की चित्रांचे मग आणि फ्रिजमॅग्नेट करून विकू, खर्च निघेल. नाही म्हटलं. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. दलाल १९७१ला गेले, मुळगावकर १९७६ला. म्हणजे २०३१ आणि २०३६ संपेपर्यंत तरी हा विषय माझा नाही, हक्क असणाऱ्यांचा आहे. आपल्याजवळचा अंक कोणाला दाखवणं वेगळं, त्यावरचं चित्र मगवर छापून विकणं वेगळं. "पण अंक तर तुमचेच आहेत ना?" हो, कागद माझा आहे.

नावांचा घोळ अजून सुटत नाहीये. ११६ मुखपृष्ठांपैकी ४१वर सही दिसते. बाकीच्यांचं श्रेय आत अनुक्रमणिकेच्या पानावर छापलेलं असायचं, आणि नेमकं तेच पान पहिलं फाटतं. काही ठिकाणी सही आहे पण तिच्यावर पीन. शनिवारी मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बसले. १८९३ साली वि. ल. भावे आणि मंडळींनी ठाण्यात सुरू केलेलं हे ग्रंथालय घरापासून अर्ध्या तासावर असूनही मी आत गेले होते ती दहावीच्या सुट्टीत. सात नावं लागली. बाकीच्या कार्डांवर 'चित्रकार : सही नाही' एवढंच लिहिणार. 'अज्ञात' लिहायला नको वाटतं. ते त्या काळी अज्ञात नव्हते, त्यांना छापखान्यात नावाने ओळखत होते.

२ ऑक्टोबर, दसरा

चुलतभावाचा अमेरिकेहून फोन. सायकलच्या चाकाचं काय केलंस हे आधी विचारलं, मग म्हणाला, "तुझ्यासाठी एक गंमत." मॅसॅच्युसेट्समधल्या स्टॉकब्रिज गावी नॉर्मन रॉकवेलचं म्युझियम आहे, तिथे तो मागच्या महिन्यात गेला होता. रॉकवेलने 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'साठी पहिलं मुखपृष्ठ केलं ते १९१६ साली, बाविसाव्या वर्षी. पुढे १९६३पर्यंत करत राहिला. वरच्या दालनांत त्याची मूळ तैलचित्रं आहेत, सोनेरी चौकटींत. आणि खालच्या दालनात भिंतीभर 'पोस्ट'ची छापील मुखपृष्ठं, सगळीच्या सगळी ३२३, ओळीने लावलेली. भाऊ म्हणाला, वर लोक कुजबुजत होते आणि खाली मोठ्याने बोलत होते: हे आमच्या घरी होतं, हे आजोबांकडे होतं.

त्याने पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. कडा पिवळ्या पडलेल्या, कुठे पत्त्याची चिठ्ठी चिकटवल्याची खूण. कोणी साफ केलेली नाहीत. बरं वाटलं.

१० ऑक्टोबर, रात्री

हॉल लावून झाला. सुतळीवर चिमटे लावून स्टॉलसारखंच टांगलंय, फक्त प्रत्येक अंक पारदर्शक पाकिटात आहे आणि चिमटा पाकिटाला, कागदाला नाही. पंखे बंद ठेवायला सांगितलेत. वॉचमनला ते पटलेलं नाही. टेबलावर आठ भिंगं, सुतळीने बांधलेली. तीन फुटी गाल समोरच्या भिंतीवर. जवळून नुसते पिवळे-लाल-निळे ठिपके आणि त्यांतून जाणारी जांभळी वाट. दाराशी गेलं की गाल.

१२ ऑक्टोबर

दोन दिवसांत किती आले मोजलं नाही. भिंगं सात उरली.

शाळकरी मुलांना गाल आवडला, पुढे-मागे पळत 'आता दिसतंय, आता नाही' असा खेळ त्यांनी लावला. एक आजोबा अर्धा तास एकाच 'किर्लोस्कर'समोर उभे होते. मी जाऊन माहिती सांगायला लागले, की शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते, १९२०मध्ये कारखान्याचं खबरपत्र म्हणून सुरू झालेलं मासिक त्यांनीच वाढवलं. ते म्हणाले, "ते माहीत आहे हो. मागच्या पानावर कुठली जाहिरात होती ते आठवतोय." पाकिटातून अंक काढून उलटा करून दाखवला. त्यांना आठवलेलीच जाहिरात होती. काकू खुर्ची टाकून दाराशी बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, "तुम्ही आमचे मेंबर होतात का?" तिघे होते. एकाकडे १९८८ सालचा एक अंक अजून आहे, परत करायचा राहिलेला. काकूने त्याला दंड सांगितला.

आज संध्याकाळी, आवराआवर चालू असताना, चेंदणीचे काका आले. सोबत मुलगी, आणि बगलेत गुंडाळलेलं मोठं पाकीट. छापखान्यातले वाया गेलेले कागद ते घरी आणायचे, मुलीच्या वह्या-पुस्तकांना कव्हर घालायला. ते सगळे वापरून संपले. हे पाच राहिले, कारण मुलीला आवडले नव्हते. मुलगी आता पन्नाशीची. तीच हसत म्हणाली, "अर्धवट चित्रं होती. वर्गात पोरींनी चिडवलं असतं."

ती ब्लॉकमेकरची प्रोग्रेसिव्ह प्रुफं होती. मशिनमनला रंग जुळवायला मिळायची. एकाच मुखपृष्ठाचे पाच कागद: नुसता पिवळा, नुसता लाल, पिवळा-लाल एकत्र, नुसता निळा, आणि तिन्ही.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

सकाळी पाचही कागद स्कॅन केले. मासिक कोणतं ते कळत नाही, नावाची जागा कोरी आहे. नाव नंतर वेगळ्या ब्लॉकने छापायचे. तुळशीवृंदावनापाशी एक मुलगी आणि तिच्या परकराला धरून एक लहान पोर.

लालाच्या कागदावर सगळं आहे: डोळे, बोटं, विटांच्या सांधीसुद्धा. निळ्यावर रात्र आहे, आणि मुलगी तिच्यात भोकासारखी पांढरी. पिवळ्याच्या कागदावर पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. कोरा कागद वाटावा इतका फिकट. बाल्कनीत नेऊन उन्हात तिरका धरला तेव्हा एकेक गोष्ट वर आली. पणतीची ज्योत, मुलीच्या पोलक्याची कड, पोराचा वर केलेला गाल. ज्या ज्या ठिकाणी उजेड पडलाय तेवढ्याच जागा. कागदाच्या मागे पेन्सिलने एक आकडा आणि चेंदणीच्या काकांचं अक्षर: 'कमी शाई'.

फाइलला नाव काय द्यायचं ते सुचलं नाही, तूर्त 'पिवळा_१' दिलंय. हार्डडिस्कवर ४० जीबी उरली आहे. उरलेले बोडके अंक दिवाळीनंतर बघेन. काकूला त्यांच्यासाठी आधी जागा शोधायची आहे.